साथ काढून घेतल्यावर

जॉर्ज रसेल हा गाणं ऐकून लगेच मान डोलावणाऱ्यांतला माणूस नव्हता. जॅझमधल्या स्वरांच्या नात्यांचं एक नवंच शास्त्र मांडणारा ‘लिडियन क्रोमॅटिक कन्सेप्ट’ हा ग्रंथ त्याने १९५३ मध्येच लिहून काढला होता. पुढे माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन ज्या दिशेने गेले तिचा अंदाज त्या ग्रंथाने आधीच घेतला होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एका रात्री हा रसेल न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘पेज थ्री’ नावाच्या लहानशा क्लबमध्ये येऊन बसला. समोर गात होती तिशी ओलांडलेली, लहानखुऱ्या चणीची एक गोरी बाई. आवाज दणदणीत नव्हता, पल्लाही बेताचाच. पण एखादा स्वर ती असा धरायची की तो पक्का लागणार की निसटणार याची श्रोत्यालाच धाकधूक व्हावी, आणि मग अगदी अनपेक्षित जागी तो नेमका बसायचा.

गाणं संपल्यावर रसेलने तिला विचारलं, असं गाणारी तू आलीस तरी कुठून? ती म्हणाली, नरकातून. त्यावर रसेल म्हणाला, मग तो नरक मला एकदा दाखव.

ती गायिका म्हणजे शीला जॉर्डन. तिने हा किस्सा आयुष्यभर मुलाखतींतून सांगितला. ती गोष्टीवेल्हाळ होती, तेव्हा त्याला थोडं तिखटमीठ लागलं असेल तर लागू दे. त्यातून पुढे जे निपजलं ते मात्र रेकॉर्डवर आहे, अगदी शब्दशः, आणि आजही ऐकता येतं.

दोघं गाडीने निघाले ते पेनसिल्व्हेनियातल्या समरहिल या गावी. कोळसा खाणींचा हा मुलूख. खाणी बंद पडत चाललेल्या, माणसं रिकामी. शीलाचा जन्म १८ नोव्हेंबर १९२८चा, डेट्रॉइटमधला. आई कोवळ्या वयातली आणि दारूच्या आहारी गेलेली, त्यामुळे मूल आजी-आजोबांकडे समरहिलला आलं. घर गरीब, संडास घराबाहेर, हिवाळ्यात थंडी घरभर. आजोबाही पिणारे. घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं, म्हणून शाळेतली मुलं चिडवायची ते वेगळंच. भीती वाटली की ही पोर गायची. खाणकामगार जिथे पीत बसत तिथेही तिला गायला सांगत. जवळचं नाव जीनी.

रसेलला घेऊन ती गावच्या गुत्त्यात गेली. आजीही बरोबर होती. तिथे एका म्हाताऱ्या खाणकामगाराने तिला ओळखलं आणि विचारलं, जीनी, अजून ‘यू आर माय सनशाइन’ गातेस का गं? ती म्हणाली, नाही गात. हे गाणं साधं, बाळबोध म्हणावं असं. १९४०च्या सुमारास ते अमेरिकाभर पसरलं आणि ज्या जिमी डेव्हिसच्या नावावर ते आहे तो पुढे लुइझियानाचा गव्हर्नर झाला. चाल इतकी हसरी की शब्दांतलं दुःख कुणाच्या लक्षात येत नाही. न्यूयॉर्कच्या क्लबात कोणती जॅझ गायिका ते गाईल?

गुत्त्यात एक पियानो होता. रसेल बसला आणि त्याने आपल्या पद्धतीने, वेगळ्याच स्वरसंगती लावत, गाण्याची सुरुवात वाजवायला घेतली. आजीने थोडा वेळ ऐकलं, मग त्याला बाजूला सारलं. हे असं नसतं ते, असं सांगून ती स्वतः पियानोवर बसली. आजीने वाजवलं, नातीने गायलं. जॅझचा मोठा शास्त्रकार बाजूला उभा राहून ऐकत होता.

काही आठवड्यांनी रसेलने तिला न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी बोलावलं. पियानोवर बसून तो काहीतरी वाजवू लागला. लांबलचक, गुंतागुंतीचं, कानाला टोचणारं. शीलाला वाटलं, नवा कॉन्चेर्टो वगैरे रचलाय. एकाएकी तो थांबला आणि म्हणाला, आता गा, सनशाइन. ती वाट बघत राहिली, साथ सुरू होईल म्हणून. साथ नाहीच. एकटीने? तिने विचारलं. लहानपणी खाणीच्या गावात एकटीच गायचीस ना, मग आताही तशीच गा, असं त्याचं म्हणणं.

ऑगस्ट १९६२ मध्ये रिव्हरसाइड कंपनीसाठी रसेलच्या ‘द आउटर व्ह्यू’ या रेकॉर्डवर हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. दहा मिनिटांहून मोठं आहे. त्यात ट्रम्पेटवर डॉन एलिस, बासवर स्टीव्ह स्वालो, ड्रम्सवर पीट ला रोका. वाद्यं ओळखीची चाल वेडीवाकडी करत, मोडत-तोडत पुढे जातात. मूळ गाणं कुठलं हेही मधेच विसरायला होतं. आणि मग सगळं गप्प. त्या शांततेत एका बाईचा आवाज, मागेपुढे काहीही नसताना, ती बाळबोध चाल हळूहळू म्हणू लागतो. आजीला आवडलं असतं असं ते नक्कीच नाही. पण त्या हसऱ्या चालीत दडलेलं दुःख तिथे पहिल्यांदा ऐकू येतं.

या प्रकाराला ‘रसेलने शीलाला शोधून काढलं’ असं म्हणायची रीत आहे. मला ते अर्धवट वाटतं. रसेलने शोधलं ते इतकंच की या बाईच्या भोवतीची साथ काढून घेतली तरी गाणं पडत नाही. ते का पडत नाही, याचं उत्तर शीलाला बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं आणि ते डेट्रॉइटच्या एका खाण्याच्या टपरीत सापडलेलं होतं.

चौदाच्या आसपास ती पुन्हा आईकडे डेट्रॉइटला आली. शाळेच्या समोर एक हॅम्बर्गरचं दुकान होतं. तिथल्या ज्यूकबॉक्समध्ये तिने एक दिवस नाणं टाकलं आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं ‘नाउज द टाइम’ वाजलं. सॅव्हॉय कंपनीने नोव्हेंबर १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ते रेकॉर्ड. पहिल्या चार स्वरांतच ठरलं, असं ती सांगायची. जगायचं तर या संगीतासाठी. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर गायक नाही, शब्द नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला गायिका व्हावंसं वाटलं ते एक सॅक्सोफोन ऐकून. बिली हॉलिडेचे शब्द किंवा एला फिट्झजेराल्डच्या ताना पाठ करत बसण्याऐवजी ती पार्करचे सोलो गळ्यात उतरवत बसली. स्कीटर स्पाइट आणि लेरॉय मिचेल हे दोन कृष्णवर्णीय तरुण तिला भेटले. तेही हेच करायचे, पार्करच्या वादनावर शब्द बसवून गायचे. तिघांचं त्रिकूट झालं.

हे लिहायला सोपं आहे. डेट्रॉइटमध्ये जून १९४३ मध्ये मोठी वांशिक दंगल झालेली होती, चौतीस माणसं मेली होती. त्या शहरात गोऱ्या मुलीने काळ्या मित्रांबरोबर फिरायचं म्हणजे पोलीस गाडी थांबवणार, चौकीवर नेणार, आईबापांचा उद्धार करणार. एका पोलिसाने तिला सुनावलेलं वाक्य ती म्हातारपणीही सांगायची. त्याचा आशय असा की माझी मुलगी अशी सापडली असती तर मी तिला गोळी घातली असती. पुढे न्यूयॉर्कमध्येही कृष्णवर्णीय मित्रांबरोबर रस्त्याने जाताना चार गोऱ्यांनी तिला खाली पाडून लाथा घातल्या.

पार्कर डेट्रॉइटच्या ‘एल सीनो’ क्लबमध्ये वाजवायला आला तेव्हा तिने आईच्या जन्मदाखल्यात खाडाखोड केली, उंच टाचांचे बूट घातले, टोपीवरून जाळीचा पडदा ओढला. दारावरचा माणूस म्हणाला, पोरी, घरी जा आणि गृहपाठ कर. मग ही मंडळी क्लबमागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यांवर जाऊन बसली. पार्करला ते कळलं, त्याने मागचं दार उघडं करवलं आणि त्या दारातून गल्लीत ऐकू जाईल असं वाजवलं. नंतर तिचं गाणं ऐकून तो म्हणाला, तुझे कान लाखमोलाचे आहेत. लाख म्हणणं आपल्याकडचं झालं. तो दहा लाख डॉलर म्हणाला होता. कान म्हणाला, आवाज नव्हे, हे मात्र नीट लक्षात घेण्याजोगं आहे.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती न्यूयॉर्कला आली आणि ज्यांच्याकडे शिकली त्या लेनी ट्रिस्टानोंची पद्धत नेमकी तिच्या पथ्यावर पडणारी होती. ट्रिस्टानो अंध पियानोवादक आणि कडक गुरू. वादक असला तरी विद्यार्थ्याने आधी लेस्टर यंगचा किंवा पार्करचा सोलो रेकॉर्डवरून ऐकून स्वरन् स्वर गाऊन दाखवायचा, वाद्य नंतर हातात घ्यायचं. कंठात आलं तरच बोटांत येईल, हा हिशेब. आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत त्या काळी संगीत म्हणजे कागदावरची नोटेशन असं समजणाऱ्यांना ते विचित्र वाटे.

पार्करचाच पियानोवादक ड्यूक जॉर्डन याच्याशी तिने १९५२ मध्ये लग्न केलं. १९५५ मध्ये पार्कर गेला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी शीलाला मुलगी झाली आणि नवरा व्यसनापायी संसारातून जवळजवळ निघूनच गेला. म्हणून पोटासाठी ऑफिसात टायपिंगची नोकरी. ‘पेज थ्री’त गाऊन मिळणाऱ्या पैशांतले बरेचसे मुलीला सांभाळणाऱ्या बाईला आणि रात्रीच्या टॅक्सीला द्यावे लागत.

याच वर्षांत तिला बासचा नाद लागला. चार्ल्स मिंगसने एकदा तिला आपल्याबरोबर गायला बोलावलं, फक्त त्याचा डबल बास आणि तिचा आवाज. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच असलेलं, उभं राहून बोटांनी छेडायचं ते वाद्य. सी. रामचंद्रांच्या काळात चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक जॅझ हिंदी सिनेमात घेऊन आले तेव्हापासून त्याची घुमणारी चाल आपल्या कानावरून गेलेली आहे. आपण तिच्याकडे लक्ष दिलं नाही, एवढंच.

पियानो काढून टाकला की नेमकं काय होतं? पियानोवादक एका वेळी चार-पाच स्वर दाबतो. त्यातून स्वरसंगती तयार होते आणि गाण्याचा रंग कोणता, आनंदी की उदास, हे तो ठरवून टाकतो. गायक त्या रंगात बसतो. बास मात्र एका वेळी साधारणपणे एकच स्वर देतो. समजा त्याने षड्ज दिला. त्यावर गायिकेने शुद्ध गंधार लावला तर रंग उजळ, कोमल गंधार लावला तर काळवंडलेला. म्हणजे निर्णय तिचा. आता गंधार तसाच धरून ठेवला आणि खाली बास षड्जावरून धैवतावर सरकला, तर गळ्यातला तोच गंधार आता त्या धैवताचा पंचम होऊन बसतो. स्वर हललेला नाही, अर्थ पालटला. तानपुरा गवयाला घरासारखा असतो, कितीही भटकून आलं तरी तो जागच्या जागी. बास सतत चालत असतो. तो पुढे कुठे पाऊल टाकणार हे गायिकेने आधीच ऐकलेलं असावं लागतं, अजून न वाजलेलं. पियानोने भरून न काढलेले बाकीचे स्वर श्रोता मनात ऐकतो, पण त्यासाठी दोघांनी दिलेले दोनच स्वर बिनचूक हवेत. सूर किंचित उतरला तरी लपायला जागा नाही. दणदणीत आवाजाचा इथे काडीचा उपयोग नाही. उपयोग कानाचा.

‘बास आणि आवाज या जोडीची जननी’ असं तिला म्हणतात. थोडं जपून म्हणायला हवं. कमी साथीत गाणं नवं नव्हतं. ज्युली लंडनने १९५५ मध्ये गिटार आणि बास एवढ्यावर अख्खं रेकॉर्ड केलं होतं आणि पेगी लीचं १९५८चं ‘फीव्हर’ बास, ड्रम्स आणि चुटक्यांवर जगभर गाजलं होतं. पण तिथे कमी साथ हा मांडणीचा भाग होता, गाणं ठरल्या रस्त्याने जायचं. शीलाने दोघांच्या गप्पा मांडल्या. आज एका वाटेने, उद्या दुसऱ्या. आणि हा प्रकार एखाद्या गाण्यापुरता न ठेवता ती त्याच्या मागे जन्मभर लागली. हा फरक मोठा आहे.

रसेलनेच पदरमोड करून तिची नमुन्याची टेप बनवली आणि कंपन्यांकडे नेली. ब्लू नोट कंपनीने होकार दिला. ही कंपनी वादकांची; गायकांना तिथे जवळजवळ मज्जाव. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ शीला’ ध्वनिमुद्रित झालं. सगळंच फक्त बासवर करायचं असं तिच्या मनात होतं. कंपनीला ते काही पटलं नाही. तडजोड म्हणून गिटार, बास आणि ड्रम्स, पियानो नाहीच. आणि एक गाणं तिच्या हट्टाचं, ‘डॅट डेअर’. बॉबी टिमन्सची चाल, ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे शब्द. प्रश्नांवर प्रश्न विचारून बापाला भंडावून सोडणाऱ्या लहान मुलाचं ते गाणं. साथीला स्टीव्ह स्वालोचा बास, बस्स. घरी सात वर्षांची मुलगी असलेल्या बाईने ते गायलंय हे सांगावं लागत नाही. पोराचं बोट धरून चालताना मोठ्या माणसाची जी फरफट होते तीच स्वालोच्या बासमध्ये ऐकू येते: ती थांबली की तो थांबतो, ती पळाली की तोही पळतो.

रेकॉर्डचं कौतुक झालं. आणि मग काही नाही. स्वतःच्या नावावरचं पुढचं रेकॉर्ड, ‘कन्फर्मेशन’, १९७५ मध्ये एका जपानी कंपनीने काढलं. मधली तेरा वर्षं टाइपरायटरवर गेली. दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गायली, चर्चमध्ये गायली, रजा साठवून युरोपला जाऊन आली. रॉक संगीताने जॅझची बाजारपेठ खाल्ली हे खरं, पण दोनच स्वरांत अख्खं गाणं ऐकवणाऱ्या गायिकेला बाजारपेठ तशीही कुठे होती? फक्त बास आणि आवाजाचं तिच्या मनातलं रेकॉर्ड १९७७ मध्ये झालं, नॉर्वेच्या आरिल्ड आंदरसनबरोबर, डेन्मार्कच्या स्टीपलचेस कंपनीसाठी. ब्लू नोटने नाकारल्यानंतर पंधरा वर्षांनी. नंतर हार्वी स्वार्ट्झ आणि कॅमेरून ब्राउन यांच्याबरोबर तिने हीच जोडी जगभर फिरवली.

१९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने तिला शिकवायला बोलावलं. जॅझ गायन हा कॉलेजात शिकवायचा विषय असू शकतो असं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं. तिच्याकडे पदवी नव्हती. शिकवायचं कसं हेच मला येत नाही, असं तिने सांगून पाहिलं. तू जे करतेस तेच शिकव, असं उत्तर आलं. तिथे तिने पाव शतकाहून अधिक काळ शिकवलं. टायपिंगची नोकरी मात्र लगेच सोडली नाही. दिवसा ऑफिस, मग वर्ग, मग कार्यक्रम. १९८७ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्या ऑफिसच्या कंपनीत उलथापालथ झाली तेव्हा मिळालेली रक्कम घेऊन ती बाहेर पडली. दारू आणि कोकेन यांच्या तावडीतूनही ती याच दशकात सुटली. ‘द क्रॉसिंग’ हे तिचं गाणं त्याबद्दलच आहे.

तिच्या वर्गात आवाज कमावण्याचे व्यायाम हा मुख्य विषय नसे. पहिला दंडक असा की संगीतकाराने लिहिलेली मूळ चाल जशीच्या तशी शिका. दुसऱ्या गायिकेच्या रेकॉर्डवरून गाणं उचललं की तिचे फेरफारही मूळ समजून उचलले जातात, आणि मग आपण फेरफारांवर फेरफार करत बसतो. दुसरं म्हणजे बास ऐका. गाताना कान आपल्याच आवाजाकडे न लावता खाली काय चाललंय तिकडे लावा. ब्लूजच्या बारा बारच्या चौकटीत ती विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल जागच्या जागी शब्द जुळवून गायला लावी. ती स्वतः मंचावर ‘शीलाज ब्लूज’मध्ये हेच करायची: आजोबा, खाण, डेट्रॉइट, पार्कर, दर रात्री वेगळ्या शब्दांत.

पोटापाण्याची नोकरी करण्यात कमीपणा नाही, हेही ती शिकवायची. संगीत आपल्याला पोसू लागेपर्यंत आपण संगीताला पोसायचं. हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यासाठी वयाची अठ्ठावन्न वर्षं जावी लागली हे विसरू नये, आणि दरवेळी ते जमतंच असंही नाही. तिच्या तालमीतून निघालेल्यांत थिओ ब्लेकमन आहे, मूळचा जर्मनीचा, तिच्याच प्रोत्साहनाने न्यूयॉर्कला आलेला. त्याचं गाणं तिच्यासारखं अजिबात नाही. मला हे शिक्षकाचं प्रशस्तिपत्रक वाटतं.

अमेरिकन सरकारच्या कलानिधीने २०१२ मध्ये तिला ‘जॅझ मास्टर’ हा सर्वोच्च किताब दिला, तेव्हा ती त्र्याऐंशी वर्षांची होती. गाणं त्यानंतरही थांबलं नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये ती गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिचं शेवटचं रेकॉर्ड आलं होतं. नाव ‘पोर्ट्रेट नाउ’. रोनी बेन-हुरची गिटार आणि हार्वी स्वार्ट्झचा बास. ब्लू नोटच्या रेकॉर्डवर पियानो नव्हता. इथे तिने ड्रम्सनाही सुट्टी दिली.